आमलीपाड्याची यादी

योगेंद्रनं स्वतःच्या नावाच्या ओळीच्या शेवटी कर्सर नेला आणि एकेक अक्षर मागं घेत ओळ पुसायला सुरुवात केली. आधी फोननंबर गेला, मग जिल्हा नंदुरबार, मग तालुका शहादे, मग गाव. नावापाशी आल्यावर तो जरा थांबला, तांब्यातलं पाणी प्यायला आणि मग नावही पुसलं. त्या मोबाइल ॲपमध्ये 'आमच्याविषयी' असं एक पान होतं. तिथं बाकीच्यांची, म्हणजे देशोदेशींच्या बनवणाऱ्यांची, नुसती नावं होती. एकट्या योगेंद्रचा लग्नपत्रिकेत शोभावा असा पूर्ण पत्ता होता. तीन वर्षांपूर्वी त्यानं तो मोठ्या हौसेनं टाकला होता. हौस केव्हाच संपली, पत्ता तेवढा राहिला होता.

काम सांगायला सोपं होतं. अर्ज, पत्रं, तक्ते करायचं एक सॉफ्टवेअर. जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं, फुकट, आतलं सगळं कुणालाही उघडून बघता येईल आणि सुधारता येईल असं. संगणकावर ते वर्षानुवर्षं सुरळीत चालत होतं. ते फोनवर आणायचं होतं, आणि तेही साध्यात साध्या फोनवर, मराठी अक्षरांसकट. मोठ्या माणसाचा सदरा कापून बाळाला अंगडं शिवावं तसलं हे काम. एकीकडं कापलं की दुसरीकडं उसवायचं. मराठीची बाजू सांभाळायला दोघं होते. त्यातला पुण्याचा धीरज दिवाळीनंतर म्हणाला, यार, मी थकलो, आणि त्यानं खरंच काम थांबवलं. धीरजचं थकणं इतकं सरळ होतं याचा योगेंद्रला थोडा हेवा वाटला होता.

तो स्वतः सकाळी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करायचा, कारण वडील रूपचंदभाई गेल्यावर केळीकडं आणि कापसाकडं बघायला दुसरं कुणी नव्हतं. दुपारी जेवण झालं की हे काम. त्याबद्दल मिळायच्या त्या तक्रारी. एकानं लिहिलं होतं, भंगार ॲप. एकानं लिहिलं होतं, बनवणाऱ्याला लाज वाटायला हवी. फुकटात घेणारा माणूस इतका चिडू शकतो हे योगेंद्रला या तीन वर्षांत कळलं. शेवटची तक्रार वाचून त्याला राग आला नाही, आणि राग आला नाही म्हणूनच त्यानं ठरवलं की आता पुरे. सगळ्यांसाठी चार ओळींचा निरोप लिहून ठेवला होता. संध्याकाळी तो पाठवायचा आणि मोकळं व्हायचं.

ओट्यावरून आईची हाक आली.

"योगेंद्र, कोनीतरी येल शे. तुन्हं नाव ली ऱ्हायना."

सरलाबाई घरात गुजरी बोलायच्या, पण दारात परका माणूस उभा असला की मुलाशीसुद्धा अहिराणीत बोलायच्या, म्हणजे त्या माणसाला अवघडल्यासारखं होऊ नये. योगेंद्र बाहेर आला. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला होता, त्याला अंग चोरून वाट काढावी लागली.

ओट्याच्या पायरीवर पंचेचाळिशीचा एक माणूस उभा होता. काटक, उन्हानं रापलेला, पायांत रबरी चपला. हातात दुधाच्या पिशवीत गुंडाळून रबर लावलेला एक फोन होता. त्यानं रबर सोडलं, फोन काढला, चार ठिकाणी बोट लावलं आणि तो योगेंद्रसमोर धरला. पडद्यावर 'आमच्याविषयी' हे पान होतं. योगेंद्रनं पाच मिनिटांपूर्वी पुसलेली ओळ तिथं ठळक दिसत होती.

"हे तुम्ही का?" त्यानं विचारलं.

"हो, मीच."

"मी दलसिंग. आमलीपाड्याचा. मणिबेलीच्या वर, बोटीनं दीड तास." मग जरा थांबून तो म्हणाला, "नंबर लावला होता. आमच्याकडून लागत नाही. म्हणून आलो."

या धंद्यात तक्रार कशी करायची याचे नियम ठरलेले असतात. एका संकेतस्थळावर जायचं, इंग्रजीत मथळा द्यायचा, फोनचं मॉडेल लिहायचं, चित्र जोडायचं. दलसिंग काल पहाटे बोटीत बसला होता. पलीकडच्या काठाला उतरून डोंगर चढून जीप पकडली, रात्री तळोद्याला मावशीकडं राहिला, सकाळी बसनं प्रकाशा गावी आला आणि तिथून विचारत विचारत चालत. तक्रार घेऊन कुणी दारात येईल असं योगेंद्रला तीन वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. खरं म्हणजे त्याला पहिल्यांदा वाटलं ते हेच की हा माणूस एक दिवस उशिरा आला असता तर बरं झालं असतं. आणि मग तसं वाटल्याची शरमही वाटली.

पाणी झालं, चहा झाला. दलसिंगनं जे सांगितलं ते शाळेत शिकलेल्या जपून बोलायच्या मराठीत सांगितलं, आणि फार थोडक्यात.

तो धरणाच्या पाण्यावर बोट चालवायचा. त्याचा पाडा पाण्याखाली गेला होता. एक्केचाळीस घरांतली सात वर सरकून टिकली, बाकीची पांगली. कोणाचं काय बुडालं याची मोजणी त्या वेळी अर्धवट झाली. पाड्यातल्या लोकांनी मग आपली यादी आपणच केली. एका संस्थेच्या बाईंनी ती त्यांच्या संगणकावर टाइप करून दिली आणि जाताना दलसिंगच्या फोनवर टाकून गेल्या. तेव्हापासून यादी दलसिंगकडं. चारशे बारा ओळी. घरं, शेतं, पाण्याचे झिरे, मोहाची झाडं. आता इतक्या वर्षांनी राहिलेल्यांची फेरसुनावणी लागली होती, आणि पुराव्याला यादी मागितली होती. मागच्या आठवड्यात त्यानं तळोद्याला फोनवरूनच तिची प्रत छापून घेतली आणि नेऊन साहेबांसमोर ठेवली.

"साहेबांनी वाचली. म्हणाले, तुमच्याच यादीप्रमाणं गाव जागच्या जागी आहे. मग बुडालं काय?"

दलसिंगनं हे जसं घडलं तसं सांगितलं, त्यात स्वतःचं काही मिसळलं नाही. साहेब वाईट नव्हते. त्यांनी परवा सकाळी दहाची वेळ दिली होती आणि सांगितलं होतं की नीट यादी आणा, नाहीतर हे प्रकरण इथंच बंद करावं लागेल. आमलीपाड्याच्या चौतीस घरांचं प्रकरण एका कागदावर होतं.

योगेंद्रनं फोन हातात घेऊन यादी वर सरकवली.

फुलसिंगचं घर, सागाचे खांब नऊ, कौलारू. रतन्याचं घर, कुडाचं. नदीकडचं मोठं शेत, ज्वारी. नदीकडचं लहान शेत, तूर. मोह, वाटेवरचा, दोन माणसांच्या कवेचा. झिरा, बारमाही.

"यात कुठं लिहिलंय, बुडालं म्हणून?"

"लिहिलं नाही. खोडलंय." दलसिंगनं पडद्यावर बोट ठेवलं. "जे बुडालं त्याच्यावर रेघ मारायची. ते बटण आहे ना, अक्षरावर रेघ असलेलं. प्रत्येक ओळीवर मी मारलीय. पाणी जसं चढलं तसं, दर वर्षी. आता रेघा नाहीत."

"बुडालं ते काढूनच का नाही टाकलं?"

हा प्रश्न योगेंद्रनं सहज विचारला होता. फोनवर कुणी काही खोडत बसत नाही, नको ते पुसतात, असं त्याचं आणि धीरजचं मत होतं. ते बटण ठेवायचं की नाही यावरही त्यांचं एकदा बोलणं झालं होतं. दलसिंगनं त्याच्याकडं जरा वेळ बघितलं.

"काढलं तर ते होतं हे कसं कळणार, सर? आणि नुसतं ठेवलं तर बुडालं हे कसं कळणार? म्हणून आमच्या यादीतून काही काढायचं नाही, असं सगळ्यांनी बसून ठरवलंय. फक्त खोडायचं."

योगेंद्रनं ती फाइल आपल्या लॅपटॉपवर घेतली आणि तिथल्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. पडदाभर रेघा आल्या. घरामागून घर, शेतामागून शेत, एकेका ओळीच्या बरोबर मधून गेलेली काळी रेघ. पानामागून पान सरकवलं तरी रेघा संपेनात. मधेच एखादी ओळ स्वच्छ निघायची, हातपंप, किंवा शाळेची खोली, पत्र्याची, आणि पुन्हा रेघा. दलसिंग वाकून बघत होता. त्यानं मोठा श्वास सोडला.

"आहेत म्हणजे," तो म्हणाला.

फाइलमध्ये होत्या, फोनवर दिसत नव्हत्या. योगेंद्रनं फोन डोळ्यांजवळ नेला, अक्षरं दोन बोटांनी मोठी केली, आणखी मोठी केली. मग त्याला दिसलं, आणि त्याचे कान तापले.

रेघ होती. ती शिरोरेघेवर जाऊन बसली होती. मराठी अक्षरं डोक्यावरच्या ज्या रेघेला लटकतात, नेमकी तिच्यावरच खोडायची रेघ पडली होती. दोन्ही मिळून एकच रेघ झाली होती, फार तर केसभर जाड.

हे कुणी केलं ते शोधायला त्याला कुठं जावं लागलं नाही. पावसाळ्याआधी कुणीतरी तक्रार केली होती की मराठीत खोडायची रेघ फार खाली येते, उकार कापते, अधोरेखित केल्यासारखी दिसते. तक्रार खरी होती. योगेंद्रनं एक आकडा बदलून रेघ वर उचलली. स्वतःच्या फोनवर 'नंदुरबार' लिहून, खोडून बघितलं. त्याचा फोन मोठा, पडदा चांगला. रेघ शिरोरेघेच्या किंचित खाली छान बसली होती. त्यानं तसंच पाठवून दिलं आणि मळ्यात गेला. स्वस्तातल्या लहान फोनवर अक्षरं बारीक होतात, तिथं 'किंचित खाली' राहायला जागाच नसते. ज्या फोनांसाठी हे सगळं चाललं होतं त्यातला एकही हातात धरून त्यानं बघितलं नव्हतं. छापायचा कागदही त्याच आकड्यावर तयार व्हायचा, म्हणून साहेबांसमोर गेलेलं गाव कोरडं ठणठणीत होतं.

"दलसिंगभाऊ," तो म्हणाला, "तुम्ही काही चुकला नाहीत. माझी चूक आहे."

दलसिंगनं मान हलवली. त्याला चूक कुणाची यात फारसा रस दिसला नाही.

"परवापर्यंत होईल?"

"आजच होईल."

आकडा बदलायला अर्धं मिनिट लागलं. पण नवं ॲप तयार व्हायला जुन्या लॅपटॉपवर तीन तास लागायचे, आणि एवढ्यात वीज गेली तर सगळं पहिल्यापासून. योगेंद्रनं ते सुरू केलं आणि आता करण्यासारखं काही नाही हे लक्षात येऊन तो भिंतीला टेकून बसला. त्याला झोप येत होती. ही झोप रात्रीच्या झोपेनं जात नव्हती, असं गेलं वर्षभर चाललं होतं.

सरलाबाईंनी दलसिंगला जेवायला बसवलं. दादर ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, वर तेलाची धार. तो आधी नको म्हणाला, मग पोटभर जेवला. तो कोण, कुठला, आई आहे का, मुलं किती, हे सगळं सरलाबाईंनी दुसरी भाकरी वाढेपर्यंत काढून घेतलं. आईला, कमलीबाईला, जाऊन दोन वर्षं झाली हेही त्यात आलं. बोट चालवतो म्हटल्यावर त्यांनी विचारलं की एवढ्या पाण्याची भीती वाटत नाही का. दलसिंग म्हणाला, पाण्याची नाही वाटत, पण उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा इंजिनचा पंखा कुणाच्या तरी झाडाच्या शेंड्याला लागतो. कुणाचं झाड ते मला माहीत असतं. सरलाबाईंनी त्याच्या ताटात आणखी भरीत घातलं.

जेवण झाल्यावर तो कापसाच्या ढिगाजवळ बसला आणि बोंडांतला कचरा वेचू लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. नुसतं बसणं बरं दिसत नाही, एवढंच. योगेंद्र पडद्यावर सरकणाऱ्या ओळींकडं बघत राहिला. मधे वीज एकदा लपलपली, दोघांनीही वर पंख्याकडं बघितलं, पंखा फिरत राहिला. चारशे बारा ओळींचं गाव या माणसानं हातातल्या एका फोनवर इतकी वर्षं जपलं होतं. त्यासाठी काय वापरतोय, ते कुणी केलंय, हे त्याला आजवर विचारावं लागलं नव्हतं. चालत होतं तोवर चांगला शब्द लिहायला कुठलं संकेतस्थळ तो शोधणार होता? योगेंद्रला हे सुचलं, पण त्यामुळं काही उभारी आली असं झालं नाही. उलट आणखी थकायला झालं. असे किती दलसिंग असतील, आणि त्यांच्यातले कितीजण दीड तास बोट आणि दोन दिवसांची वाट करून येऊ शकतील?

साडेचारला ॲप तयार झालं. योगेंद्रनं ते दलसिंगच्या फोनवर टाकलं आणि यादी उघडली. रेघा परत आल्या होत्या. घरांवर, शेतांवर, झिऱ्यांवर, अक्षरांच्या पोटातून नीट गेलेल्या.

दलसिंगनं फोन घेतला आणि पहिल्या ओळीपासून तपासायला सुरुवात केली. खोडलेल्या ओळींवरून तो नुसतं बोट फिरवायचा, न खोडलेली आली की मोठ्यानं वाचायचा. हातपंप. शाळेची खोली, पत्र्याची. सोन्याभाऊचं घर, नवं. टेकडीवरचं शेत, नागली. चारशे बारा ओळींतून बेचाळीस वाचल्या गेल्या. वाचताना त्याचा आवाज चढला नाही की पडला नाही. सरलाबाई दारात हात पुसत ऐकत होत्या, मधेच आत निघून गेल्या.

"बरोबर आहे," तो शेवटी म्हणाला. "उद्या तळोद्याला छापतो."

त्यानं फोन दुधाच्या पिशवीत घातला. मग, 'आमच्याविषयी'चं पान आठवून असेल, पुन्हा बाहेर काढला आणि ते उघडलं. नव्या ॲपमध्ये ती ओळ नव्हती. दुपारी पुसलेल्या फाइलवरूनच हे ॲप बनलं होतं; हे योगेंद्रच्या लक्षातच आलं नव्हतं.

"सर, तुमचं नाव दिसत नाही."

"नाही. मी जरा..." योगेंद्रला वाक्य सापडेना. थकलो म्हणावं, तर समोरचा काल पहाटेपासून वाटेवर होता. "काढलंय मी ते."

"नंबर सांगता?"

त्यानं सांगितला. दलसिंगनं तो फोनच्या नंबरांत न लिहिता यादीच्या तळाशी लिहिला, चारशे तेरावी ओळ म्हणून, नाव आणि गावासकट. हरवत नाही तिथं, असं त्यानं स्पष्टीकरण दिलं.

निघायला म्हणून तो पायरीपर्यंत गेला आणि घुटमळला. मग सदऱ्याच्या आतल्या खिशातून त्यानं दुसरा एक फोन काढला. जुना, काचेला आडवी भेग गेलेला.

"हा बाचा. आधी माझाच होता."

योगेंद्रनं हात पुढं केला. "द्या, यातही नवं टाकतो. दोन मिनिटांचं काम."

"याच्यात नको," दलसिंग म्हणाला. "याच्यात आपोआप नवं येईल का, तेवढं बघा. रेंजमध्ये आला की येतं ना? ते येऊ नये असं करता येतं का?"

योगेंद्रला आधी नीट समजलं नाही. दलसिंग पायरीवर बसला, आणि दिवसभरात पहिल्यांदा तो ज्यासाठी आला नव्हता असं काही बोलला.

त्याचा बाप, फुलसिंग, यादीतली बहुतेक माहिती त्याचीच. पण कमलीबाई गेल्यापासून म्हातारा बोलायचा थांबला होता. भाकरी दिली तर खायचा, नाही दिली तर मागायचा नाही. साहेबांकडून परत आल्यावर दलसिंग चूक शोधायला फोन घेऊन बसला आणि मोठ्यानं वाचू लागला. एरवी यादी वाचायची म्हणजे उरलेलं वाचायचं, बेचाळीस ओळी. त्या दिवशी रेघा नव्हत्या, काय वगळायचं ते कळत नव्हतं, म्हणून सगळंच वाचत गेला.

"बा खाटेवर उठून बसला. म्हणाला, नऊ नाही, अकरा खांब. मग रतन्याच्या घरापाशी म्हणाला, थांब, तिथं कुत्रं असायचं. असं सगळ्या पाड्यातून फिरला. संध्याकाळ झाली. जेवायला मागितलं त्यानं." दलसिंगनं भेगेवरून अंगठा फिरवला. "दुसऱ्या दिवशी म्हणाला, वाच. मी बोटीवर जातो तेव्हा भावाची बायको वाचते. तिला ठाऊक नाही कुठल्या ओळीवर रेघ आहे. तिला जसं दिसतं तसं ती वाचते."

योगेंद्र फोनकडं बघत होता. पडद्यावर आमलीपाडा अख्खा होता.

"आणि अकरा खांब?" त्यानं विचारलं. "ते केलं दुरुस्त?"

"केलं. दोन्हीकडं."

योगेंद्रनं त्या फोनमध्ये जाऊन आपोआप येणारं सगळं बंद केलं. मग बंद झालंय की नाही ते पुन्हा एकदा तपासलं, आणि स्वतःच्या कामात तो इतका काटेकोर कधी नव्हता. सहाच्या बसला दलसिंग गेला. सरलाबाईंनी त्याच्या हातात केळ्यांची फणी दिली होती. फोनची पिशवी एका हातात, फणी दुसऱ्यात, असा तो रस्त्यानं चालत गेला.

"काय बिघडेल व्हतं?" सरलाबाईंनी विचारलं, अजून अहिराणीतच.

"एक रेघ जरा वर सरकली होती. खाली आणली."

"इतलंच?"

"इतलंच."

त्यानं दुरुस्ती सगळ्यांसाठी पाठवून दिली. चार ओळींचा निरोप खाली तसाच पडून होता. तो वाचून बघितला, एक शब्द बदलला, आणि पाठवायचं उद्यावर ढकलून जेवायला गेला. दुसऱ्या दिवशीही तो राहिला, तिसऱ्या दिवशी तर त्याच्या लक्षातच आला नाही, कारण त्या दिवशी तो दहा वाजल्यापासून फोन जवळ घेऊन बसला होता.

फोन दुपारी उशिरा आला. आवाज तुटत होता, मागं वारा होता. दलसिंग बोटीवर होता. गुजरातकडच्या टॉवरची रेंज एका वळणावर पाच मिनिटं मिळते, तिथं त्यानं इंजिन बंद केलं होतं.

"घेतली," तो म्हणाला. "साहेबांनी यादी घेतली. सगळी पानं बघितली. शिक्का मारला. पुढं मोजायला माणसं येणार म्हणाले. काय मोजणार ते त्यांनाच माहीत, सगळं खालीच आहे."

"चांगलं झालं."

"हो."

मग नुसता वारा ऐकू आला. रेंज गेली असं योगेंद्रला वाटलं.

"सर, एक विचारायचं होतं. मी निघालो त्याच्या आदल्या रात्री बाला आठवलं, एक राहिलंय. झिऱ्याजवळ चपटा दगड होता. आई पाणी भरून आली की त्याच्यावर हंडा टेकवायची, दम खायची. तो यादीत नाही. साहेबांना त्याचा काही उपयोग नाही. पण बा म्हणतो, राहिला."

"मग लिहा की."

"लिहितो. पण तोही खालीच आहे. म्हणजे लिहायचा आणि लगेच खोडायचा. बा शेजारी बसून बघतो लिहिताना. लिहायचा, की..."

योगेंद्र उठून ओट्यावर आला.

"आत्ता बोटीवरच तुमच्या फोनवर लिहा. खोडा. आणि मग ती फाइल त्यांच्या फोनवर टाका," तो म्हणाला. "त्यांच्या फोनवर ती रेघ दिसणार नाही."

पलीकडून दलसिंग बरं म्हणाला. मग बोटीचं इंजिन सुरू झालं, आणि वळण संपताच रेंज गेली.